घरी सगळं करतो, ग्राउंडवर ऐकत नाही: ओबिडियन्स टेस्टआधी तरुण कुत्र्याचं लक्ष उडत असेल तर काय तपासायचं

दिवाळी आटोपली, डॉग शोचा आणि त्यातल्या ओबिडियन्स टेस्टचा, म्हणजे आज्ञापालनाच्या परीक्षेचा, मोसम तोंडावर आला की माझा फोन एकाच तक्रारीसाठी वाजायला लागतो. "दादा, गच्चीवर सगळं करतो हो. सिट, डाउन, स्टे, हील, सगळं. ग्राउंडवर नेलं की पहिले पाढे पंचावन्न." कुत्रा आठ महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतचा असतो आणि बोलण्याचा शेवट ठरलेला असतो: "हट्टी झालाय."

गेली बारा वर्षं मी पुण्यात रविवारी सकाळी अशा जोड्यांबरोबर मैदानावर उभा राहतोय. एवढ्या वर्षांत खरोखर हट्टी म्हणावा असा कुत्रा मला आठवत नाही. कारण दर वेळी दुसरंच निघालं, आणि बरेचदा ते फुकटात दुरुस्त होण्यासारखं होतं. म्हणून मी तपासणीचा एक क्रम धरला आहे. आधी बिनखर्चाचं आणि पाच मिनिटांत होणारं बघायचं, मग कष्टाचं. हा क्रम सोडून लोक थेट शेवटाला उडी मारतात, नवा ट्रेनर, नवी साखळी, नवा पट्टा आणतात, आणि मूळ कारण तसंच राहतं.

लक्षणं

आधी आपल्या कुत्र्याचं नेमकं काय होतंय ते ओळखा. "लक्ष देत नाही" एवढ्यावर काही ठरवता येत नाही.

हीलमध्ये, म्हणजे माणसाच्या पायाशी जुळवून चालताना, नाक जमिनीला चिकटतं आणि वर येत नाही. किंवा नाक वर असतं, पण मान सारखी मागे वळते. सिट-स्टेमध्ये, म्हणजे बसवून तिथेच थांबवलं की, वीसेक सेकंद बसतो आणि शेजारचा कुत्रा हलला की उठतो. हाक मारली की निघतो, पण अर्ध्यात वाकडा होतो, किंवा पाय ओढत, वळसा घालून येतो. आज्ञा दिल्यावर जांभई देतो, अंग झटकतो, मध्येच बसून मान खाजवतो, ओठ चाटतो. एकदम सुसाट सुटून गोल गोल पळतो. खाऊ तोंडात घेतो आणि टाकून देतो.

नाक जमिनीला लावणं आणि मान वळवणं हे बहुतेक वेळा कुतूहल असतं. जांभया, खाजवणं, ओठ चाटणं हा ताण असतो. उन्हात न पळता, विनाकारण, वारंवार दिसलं तर तो नक्कीच ताण समजा. हळू येणं, बसताना वाकडं बसणं यामागे दुखणं असू शकतं. सुसाट पळणं उत्साहाचंही असतं आणि घाबरण्याचंही, ते आजूबाजूला काय चाललंय त्यावरून कळतं.

एक आठवडा वही ठेवा. वेळ, जागा, काय दिसलं किंवा काय ऐकू आलं, ते किती पावलांवर होतं आणि कुत्र्याने काय केलं, एवढंच लिहा. पुढच्या प्रत्येक तपासणीला ही वही लागणार आहे.

घरी येतं ते बाहेर का जातं

रशियातले शास्त्रज्ञ इव्हान पाव्लोव्ह सगळ्यांना घंटा आणि लाळ यासाठी माहीत आहेत. त्यांच्या प्रयोगशाळेतली एक गोष्ट मी प्रत्येक नव्या माणसाला सांगतो. एखादा सहकारी कुत्र्याला नवी सवय लावायचा, कुत्रा रोज बिनचूक करायचा, मग तो मोठ्या उत्साहाने पाव्लोव्हना बघायला बोलवायचा. पाव्लोव्ह खोलीत शिरले की कुत्रा सगळं विसरायचा. सवय पुसली गेलेली नसायची. खोलीत एक नवा माणूस आला होता आणि कुत्र्याचं सगळं शरीर "हे काय आहे?" या एका प्रश्नाकडे वळलं होतं. पुढे बाहेरचा आवाज आणि हादरे आत येऊ नयेत म्हणून त्यांना सेंट पीटर्सबर्गमध्ये खास जाड भिंतींची इमारत बांधून घ्यावी लागली.

आपल्याला तशी इमारत नको आहे. उलट, जज, स्टुअर्ड (जजचा मदतनीस), लाउडस्पीकर, शेजारचा कुत्रा आणि कडेला वडापाव खात उभी असलेली माणसं या सगळ्यांत कुत्र्याला काम करायचं आहे. पण "हे काय आहे?" हा प्रश्न त्याला पडणारच आणि तो पडणं हा गुन्हा नाही, एवढं मनात पक्कं करा. त्या प्रश्नाचं उत्तर घेऊन तो लवकर आपल्याकडे परत यावा, एवढंच आपलं काम.

पहिली तपासणी: पंजे, पोट, ऊन

खर्च शून्य.

ब्रुनो नावाचा दीड वर्षाचा लॅब्रॅडॉर होता. रिंगच्या, म्हणजे टेस्टसाठी आखलेल्या जागेच्या, दोरीच्या आत पाऊल टाकलं की त्याचं नाक जमिनीला. मालकाने तीन महिने पट्टे खेचले. मी एवढंच विचारलं, "गाडीतून उतरल्यावर किती वेळ फिरवता?" ते गाडीतून काढून थेट रिंगकडे यायचे. जिथे शंभर कुत्री मुतून गेली आहेत अशा मैदानावर तरुण नराला दहा मिनिटं मोकळं हुंगू दिलं नाही, तर तो ते काम हीलमध्ये करणार. पुढच्या रविवारी आधी पंधरा मिनिटं लांब दोरीवर सोडला, दोन्ही कामं उरकली, आणि मग आत नेला. नाक वर राहिलं. रिंगमध्ये घाण केली तर बहुतेक नियमांत गुण जातात, कुठे कुठे कुत्रा बादही होतो, त्यामुळे ही सवय दुहेरी कामाची आहे.

पंजे रोज बघा. आपल्याकडे पावसाळ्यानंतर, नेमकं शोच्या सरावाच्या दिवसांत, गवत वाळतं आणि कुसळं सुटतात. सराटेही तेव्हाच. कुसळ बोटांच्या मधल्या केसांत शिरलं की बाहेरून काही दिसत नाही. बोटं एकेक करून फाकवायची आणि अंगठ्याने पंजाच्या खालच्या बाजूने हळू चाचपायचं. कुत्र्याने पाय झटकन ओढला तर तिथे थांबून उजेडात बघायचं. मागे एका जर्मन शेफर्ड मादीचं "डावीकडे वळताना मागे राहते" असं प्रकरण माझ्याकडे आलं होतं. तिच्या पुढच्या उजव्या पंजातून मी नखाएवढं कुसळ काढलं आणि तो प्रश्न तिथेच संपला. कुसळ आत घुसून सूज आली असेल किंवा पू दिसत असेल तर स्वतः ओढू नका, ते डॉक्टरांचं काम आहे.

कानही वास घेऊन बघा. आंबट, कुबट वास आला आणि कुत्रा डोकं झटकत असेल तर त्याला हाक अर्धवटच पोचते आहे असं समजा.

सरावाआधी पोटभर खायला घालू नका. सकाळच्या जेवणाचा अर्धा भाग तीन-चार तास आधी पुरे. पाणी मात्र कायम जवळ हवं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच गार होतो. जीभ रुंद होऊन बाहेर लोंबत असेल तर तो दुर्लक्ष करत नाही, तो तापला आहे. सकाळी नऊचा वर्ग कित्येकदा बारापर्यंत लांबतो, म्हणून सावलीची सोय घरूनच करून जा.

दुसरी तपासणी: खातो का?

ग्राउंडच्या कडेला उभे राहा, काही मागू नका आणि वाटाण्याएवढा तुकडा पुढे करा. घरी घेतो तसाच हलके घेतला तर ठीक. बोटांसकट ओढला तर तो फार चेतलेला आहे. घेऊन टाकला किंवा बघितलंच नाही, तर त्याचं डोकं आत्ता शिकण्याच्या जागी नाही. मग कोणतीही आज्ञा द्यायची नाही, वीस पावलं मागे जाऊन पुन्हा विचारायचं.

दुकानातलं बिस्कीट घरी चालतं, मैदानावर नाही चालत. उकडलेलं चिकन, उकडून वाळवलेली कलेजी, पनीर यांपैकी काय त्याला सगळ्यात प्रिय आहे ते घरी ताटलीत तिन्ही ठेवून बघा, आणि तो पदार्थ फक्त बाहेरच्या सरावासाठी राखून ठेवा. घरात तो देणं बंद.

गाडीजवळही खात नसेल तर त्या दिवशी घरी जा. हे सांगितलं की लोकांचा चेहरा पडतो, कारण तासभर गाडी चालवून आलेले असतात. पण तशा अवस्थेत केलेला सराव कुत्र्याला एकच गोष्ट शिकवतो, की ही जागा वाईट आहे.

तिसरी तपासणी: आपण स्वतः

मोबाइल बॅगेला टेकवून ठेवा आणि पाच मिनिटांचा व्हिडिओ काढा, एक घरी आणि एक ग्राउंडवर. मग आवाज बंद करून दोन्ही शेजारी शेजारी बघा, आणि नंतर फक्त आवाज ऐका.

चिकू नावाची चौदा महिन्यांची मादी हीलमध्ये रिंगच्या आत गेली की मागे पडायची. तिच्या ताई म्हणत, "मी तर काहीच वेगळं करत नाही." व्हिडिओत दिसलं की घरी त्यांचा डावा हात मोकळा झुलत असतो आणि मैदानावर तो पोटाशी घट्ट धरलेला असतो. चिकू इतके महिने त्या झुलणाऱ्या हाताकडे बघून चालत होती. "हील" हा शब्द तिच्यासाठी नुसता सोबतचा आवाज होता. आम्ही घरीच हात पोटाशी धरून सुरुवात केली आणि दहा दिवसांत फरक पडला.

अजून तीन गोष्टी बघा. आज्ञा किती वेळा देताय? "सिट, सिट, सिट रे" असं म्हणत असाल तर कुत्र्याला तिसऱ्यांदा ऐकल्यावर बसायचं असतं असंच वाटणार, आणि टेस्टमध्ये दुसऱ्या आज्ञेला गुण जातात. पट्टा ताणलेला आहे का? ताणलेला पट्टा कुत्र्याला सांगतो की समोर काहीतरी काळजीचं आहे. आवाज चढला आहे का? आपण घाबरलो की श्वास रोखतो, आणि एरवी सरळ निघणारा शब्द कापतो.

शोच्या दिवशी जे कपडे आणि बूट घालणार तेच घालून किमान चार वेळा सराव करा. रोज टी-शर्टमध्ये दिसणारा माणूस एकदम कोट घालून आला की तरुण कुत्र्याला तोही एक नवा प्रश्नच असतो.

चौथी तपासणी: शब्द खरंच येतो का?

ही तपासणी बहुतेक जण टाळतात आणि बहुतेकांचा दोष इथेच असतो.

पाच जागा घ्या: स्वयंपाकघर, जिना, पार्किंग, गल्लीचं टोक, ग्राउंडचा कोपरा. प्रत्येक ठिकाणी हात न हलवता, न वाकता, एकदाच "सिट" म्हणा. दहा वेळा. किती वेळा बसला ते लिहा. माझ्या वहीतलं एका कुत्र्याचं पान असं आहे: स्वयंपाकघर १०, जिना ९, पार्किंग ६, गल्ली ३, ग्राउंड १. त्या मालकांना वाटत होतं की कुत्र्याला सिट येतं आणि ग्राउंडवर तो ऐकत नाही. त्या पानावरून दिसतं की त्याला सिट फक्त दोन ठिकाणी येत होतं.

कुत्रा शब्द एकटा शिकत नाही. फरशी, भिंत, आपली उभं राहण्याची जागा, संध्याकाळची वेळ, हे सगळं त्या शब्दाबरोबर शिकतो. जागा बदलली की अर्धा धडा गळून पडतो. त्यामुळे दहात आठच्या खाली असेल तिथे पहिल्या दिवसासारखं, खाऊ नाकापाशी धरून, नव्याने शिकवायचं. दुसऱ्या जागी निम्मा वेळ लागतो, पाचव्या-सहाव्या जागेपर्यंत त्याला कळतं की सिट म्हणजे कुठेही सिट. हे झाल्याशिवाय गर्दीत नेऊ नका.

पाचवी तपासणी: अंतर

इथून कष्ट सुरू होतात, आणि मन लावून करावं असं खरं काम हेच आहे.

कुत्र्यापुढची अडचण तीन गोष्टींनी वाढते: गोंधळ किती जवळ आहे, तुम्ही त्याच्याकडून किती वेळ काम मागताय आणि तुम्ही त्याच्यापासून किती लांब उभे आहात. एका वेळी एकच वाढवायची. एक वाढवली की उरलेल्या दोन कमी करायच्या. मुलं क्रिकेट खेळतायत तिथे पहिल्याच दिवशी दोन मिनिटांचा स्टे मागून वर दहा पावलं लांब जाणारे मी दर वर्षी बघतो.

रविवारच्या क्रिकेटचंच उदाहरण घेतो, कारण ते प्रत्येक गावात फुकट मिळतं. लांबून सुरुवात करा, समजा ऐंशी पावलांवरून. कुत्र्याला उभं राहून बघू द्या. काही बोलू नका, पट्टा सैल ठेवा आणि मनात मोजा. दोन-तीन सेकंदांत त्याचा कान तुमच्याकडे वळेल, मग मान वळेल. मान वळली त्या क्षणी "शाब्बास" आणि खाऊ. आज्ञा नाही, हाक नाही. त्याने स्वतः ठरवून परत वळावं याचा हा मोबदला आहे, आणि माझ्या मते संपूर्ण तयारीतला सगळ्यात मोलाचा धडा हाच आहे. पाच सेकंदांत वळला नाही तर तुम्ही फार जवळ आहात, दहा पावलं मागे या.

वळणं पटापट व्हायला लागलं की मगच सिट मागा, मग चार पावलं हील. दहात आठ जमलं की पाच पावलं पुढे सरका. दहात पाचच्या खाली गेलं की दहा पावलं मागे. एका दिवशी दहा मिनिटांहून जास्त करू नका. ऐंशीवरून वीस पावलांवर यायला आमच्या ब्रुनोला पाच आठवडे लागले होते.

जे त्याला खेचतं तेच बक्षीस म्हणूनही देता येतं. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड प्रेमॅक यांनी १९५९ मध्ये मांडलेलं तत्त्व आपली आजी रोज वापरायची: आधी पोळी-भाजी, मग शिकरण. दहा पावलं नीट चालला की "जा, हुंग" म्हणून गवतात सोडायचं, अर्ध्या मिनिटाने बोलवायचं, पुन्हा काम. ज्या कुत्र्याला हुंगायचं असतं त्याला चिकनपेक्षा ते प्यारं असतं. कारवानसारख्या, नजरेने शिकार करणाऱ्या जातींना वास तितका खेचत नाही, धावणारी वस्तू खेचते. त्यांच्यासाठी बक्षीसही पळणारंच हवं, दोरीला बांधलेली चिंधी घेऊन तुम्ही पळा.

आवाजांचं वेगळं. शोमध्ये माइकची कर्कश शिट्टी, टाळ्या, पडणारी लोखंडी खुर्ची, वाऱ्याने फडफडणारं मांडवाचं कापड हे सगळं असतं. खुर्ची आधी लांबून हळू ठेवा, मग आपटा. मंगल कार्यालयाच्या बाहेर, रस्त्याच्या पलीकडे उभे राहा. शाळा सुटते तेव्हा फाटकापासून लांब बसा. पुण्यात गणपतीआधी नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो. तिथे अगदी लांबून, जिथे कुत्रा आरामात खातो तेवढ्या अंतरावरून, पाच मिनिटं बसणं उपयोगी पडतं. जवळ नेऊ नका, त्याचे कान आपल्यापेक्षा फार तीक्ष्ण आहेत.

भटक्या कुत्र्यांच्या टोळीजवळ मात्र सराव करायचा नाही. तिथे तुमचा कुत्रा सावध आहे ते बरोबरच आहे.

सहावी तपासणी: रिंगमध्ये पगार बंद होतो हे त्याला कळलंय का?

रिंगच्या आत खाऊ नेता येत नाही. कुत्र्याला हे दोन-तीन शोमध्ये कळतं: कमरेला खाऊची पिशवी असली की पगार, नसली की बिनपगारी. पहिल्या शोला छान आणि तिसऱ्या शोला ढेपाळला, अशी तक्रार असेल तर आधी हीच शंका घ्या.

पिशवी त्याच्या देखत खुर्चीवर ठेवा. त्याला घेऊन तीस पावलं जा, एक सिट घ्या, "चल!" म्हणून दोघंही धावत खुर्चीपाशी या आणि चार-पाच तुकडे एकेक करून द्या. मग दोन कामं करून या, मग पाच. शेवटी खुर्ची रिंगच्या दोरीबाहेर आणि आत पूर्ण टेस्ट. पगार अंगावर नसला तरी बाकी आहे, हे त्याला कळायला हवं.

सातवी तपासणी: शेजारचा कुत्रा

गटातला स्टे तरुण कुत्र्याला सगळ्यात जड जातो. शेजारचा उठून मालकाकडे धावला की आपला का बसेल? अमेरिकन केनेल क्लबने २०१८ पासून नॉव्हिस, म्हणजे नवशिक्यांच्या, वर्गातला गटाचा स्टे पट्टा लावूनच ठेवला आहे. आपणही सरावात लांब दोरी काढू नये.

दोन जोड्यांनी करा. एक कुत्रा डाउनमध्ये, म्हणजे पडून, दुसरा तीस पावलांवर हील करतोय. पडून राहणाऱ्याला दर काही सेकंदांनी पंजांच्या मध्ये खाऊ ठेवायचा. मग अंतर कमी, मग दुसऱ्याला हाक मारून पळत बोलवायचं. जर्मन शेफर्डवाले ज्या बीएच (सोबती कुत्र्याची मूळ जर्मन) परीक्षेची तयारी करतात तिची रचनाच अशी आहे: एक कुत्रा काम करतो, दुसरा पडून राहतो, मग अदलाबदल. शिवाय हलणाऱ्या किमान चार माणसांच्या घोळक्यातून चालायचं असतं. त्या परीक्षेला किमान वय १५ महिने लागतं. स्पर्धा वेगळी असली तरी सरावाचा हा नमुना कोणालाही घेता येतो.

आठवी तपासणी: पूर्ण तालीम

अनोळखी ग्राउंड, दोरीची रिंग, पॅड घेऊन टोपी घातलेला जज, "फॉरवर्ड, हॉल्ट, अबाउट टर्न" ओरडणारा मित्र, आठच्या (8) आकड्यात वळसे घालत हील करण्यासाठी खांबासारखी उभी दोन माणसं. अंगावरून हात फिरवणारा माणूस कुत्र्याने आधी न पाहिलेला हवा. महिन्यातून दोनदा पुरे. रोज पूर्ण टेस्ट घेतली की कुत्रा कंटाळतो.

नववी तपासणी: वय

इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये मार्गदर्शक कुत्र्यांच्या पिल्लांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाच महिन्यांच्या मानाने आठ महिन्यांची पिल्लं त्यांना सांभाळणाऱ्या माणसाचं "सिट" कमी ऐकत होती, पण परक्या माणसाचं ऐकणं कमी झालं नव्हतं. म्हणजे तुमचा आठ-दहा महिन्यांचा कुत्रा ट्रेनरचं ऐकतो आणि तुमचं नाही, यात अपमान वाटून घेऊ नका. हा काळ सरतो. मादी पहिल्यांदा माजावर येते तेही याच सुमारास, आणि तिच्यामुळे आसपासच्या नरांचंही चित्त ठिकाणावर नसतं. या दिवसांत मागणी कमी करा, नियम तेच ठेवा, आणि नाव नोंदवलं असेल तर खुशाल मागे घ्या. प्रवेश फी बुडते तेवढीच, बिघडलेला स्टे परत बसवायला वर्ष जातं.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

डॉक्टरांकडे जायचं, ट्रेनरकडे नाही: बदल आठवड्याभरात अचानक झाला असेल, बसायला किंवा उडी मारायला नको म्हणत असेल, उठताना मागचे पाय जड असतील, लंगडत असेल. लॅब्रॅडॉर आणि जर्मन शेफर्डमध्ये खुब्याच्या सांध्याचा दोष बराच आढळतो आणि तो एक्स-रेशिवाय ठरत नाही. आपल्या भागात गोचीड-ताप तर कायमचाच. एक शेफर्ड डाउन घेईना म्हणून आमच्याकडे आला होता. जेवण निम्मं झालं होतं, ओठ वर करून बघितलं तर हिरड्या फिकट, आणि ताप १०४. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइटच्या आसपास असतं. त्याला तिथूनच दवाखान्यात पाठवला, रक्त तपासलं, गोचीड-ताप निघाला. औषधं पूर्ण होऊन ताकद आल्यावर तो पहिल्या शब्दाला आडवा झाला. नाकातून रक्त आलं किंवा अंगावर लाल-जांभळे ठिपके दिसले तर रात्र जाऊ देऊ नका.

वर्तन-तज्ज्ञाकडे जायचं: माणसावर किंवा कुत्र्यावर गुरगुरतो, दात दाखवतो, चावायला धावतो, आवाज झाला की शेपूट पोटात घालून थरथरतो, जागीच मुततो, शंभर पावलांवरूनही खात नाही, किंवा वरचं सगळं मनापासून तीन-चार आठवडे करूनही वहीतला आकडा हलत नाही. भीतीवर जास्त सराव हा उपाय नाही, त्याने भीती पक्की होते. कधी कधी औषधाचीही गरज पडते आणि ते फक्त पशुवैद्यच देऊ शकतो.

ट्रेनर निवडताना आधी कुत्रा न नेता त्याचा एक वर्ग बघून या. कुत्र्यांच्या शेपट्या कशा आहेत ते बघा. पहिल्याच दिवशी काट्याची साखळी किंवा करंटचा पट्टा घ्यायला सांगणाऱ्याकडे तरुण कुत्रा देऊ नका. ज्या क्षणी आपल्या कुत्र्याने शेजारच्या कुत्र्याकडे बघितलं त्याच क्षणी मानेला दुखलं, तर त्याच्या लेखी ते शेजारच्या कुत्र्यामुळे दुखलं. असे "दुरुस्त" होऊन आलेले, आता प्रत्येक कुत्र्यावर भुंकणारे कुत्रे माझ्याकडे दर वर्षी येतात आणि त्यांना वेळ सगळ्यात जास्त लागतो.

कोणाकडेही गेलात तरी आठवड्याची वही आणि ते दोन व्हिडिओ बरोबर न्या, घरचा आणि ग्राउंडवरचा. मी तरी आधी तेच मागतो.